मुंबई–न्यूयॉर्क : अंतर किती आणि वेळ किती? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ यांबद्दल आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न मुंबई–न्यूयॉर्क याच जोडीभोवती फिरतात. म्हणून या वेळी हेच दोन विमानतळ डोळ्यांपुढे ठेवून उत्तरे दिली आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचा एक प्रश्न वेगळा आहे, तोही घेतला आहे.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते. एका संकेतस्थळावर मुंबई ते न्यूयॉर्क अंतर १२,५५० किमी आणि वेळ १४ तास २७ मिनिटे असे दिसते. जानेवारीच्या तिकिटावर मात्र सुटायची वेळ रात्री १.३० आणि पोहोचायची त्याच दिवशी सकाळी ७.०० आहे. म्हणजे साडेपाच तासच झाले! यातले धरायचे काय? (सांगली)

दोन्ही आकडे बाजूला ठेवा. हा प्रवास साधारण १६ तासांचा आहे.

आधी तिकीट पाहू. त्यावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते. तिथे सकाळचे ७.०० म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ५.३०. रात्री १.३० ते संध्याकाळी ५.३० हे झाले १६ तास. कोणतेही तिकीट हाती आले की पोहोचण्याची वेळ आधी भारतीय वेळेत करून घ्यावी आणि मग वजाबाकी करावी.

आता संकेतस्थळाचे १४ तास २७ मिनिटे. हे गणित एका ओळीचे आहे : १२,५५० भागिले ९००, अधिक अर्धा तास. ताशी ९०० किमी हा वेग खोटा नाही. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पट वेगाने जातात आणि त्या उंचीवरच्या थंड हवेत तो वेग ९००च्या आसपासच भरतो. पण हा वेग हवेच्या तुलनेत असतो. समोरून वारा आला की जमिनीवरचे अंतर तितक्याच वेगाने कापले जात नाही. शिवाय १२,५५० किमी हे नकाशावरचे सर्वांत जवळचे अंतर आहे. प्रत्यक्षात ठरलेले हवाई मार्ग, वादळे आणि बंद हवाई हद्दी टाळत जावे लागते.

उदाहरणादाखल, प्रत्यक्ष मार्ग १३,१०० किमी धरा. समोरचा वारा आणि चढ-उताराचा संथ भाग हिशेबात घेऊन सरासरी वेग ताशी ८५० किमी धरा. आकाशात झाले १५ तास २५ मिनिटे. मुंबईत गेट सोडल्यापासून धावपट्टीवर रांगेत थांबून चाके उचलेपर्यंत आणि तिकडे उतरल्यापासून गेटला लागेपर्यंत मिळून ३५ मिनिटे. एकूण १६ तास. विमान कंपन्या याला ब्लॉक टाइम म्हणतात आणि वेळापत्रकात हाच वेळ असतो. त्यात थोडी सूटही धरलेली असते. अर्धा तास उशिरा निघूनही विमान वेळेवर पोहोचते ते बहुधा त्या सुटीच्या जोरावर.

प्रश्न : मी भूगोल शिकवते. न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेला आहे, मग विमानातल्या पडद्यावर मार्ग रशिया-नॉर्वेकडे वळून का जातो? मुलांना पटेल असे सांगा. (नाशिक)

वर्गात पृथ्वीगोल असेल तर दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरे न्यूयॉर्कवर धरा आणि ताणा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकेल. गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर तेच. भिंतीवरच्या सपाट नकाशात उत्तरेकडचा प्रदेश आडवा ताणलेला असतो, म्हणून तिथे हाच मार्ग कमानीसारखा दिसतो आणि पट्टीने मारलेली रेघ जवळची वाटते.

आकडे मोठ्या वर्गातल्या मुलांकडून काढून घ्या. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांतला फरक १४६.६५ अंश. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा : ०.३२७ × ०.६५१ = ०.२१३. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार करा : ०.९४५ × ०.७५९ × (−०.८३५) = −०.५९९. बेरीज −०.३८६. ज्या कोनाचा कोसाइन एवढा, तो कोन ११२.७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किमी, म्हणून अंतर १२,५३० किमीच्या आसपास. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे, तेवढ्यामुळे वीसएक किमीचा फरक पडतो. मुले इथे एक चूक हमखास करतात : १४६.६५चा कोसाइन ऋण असतो हे विसरतात. मग उत्तर खऱ्या अंतराच्या एक तृतीयांशाहूनही कमी येते. दुसरी चूक कॅल्क्युलेटरची. तो अंशांवर नसून रेडियनवर असतो.

सपाट नकाशावर पट्टीने रेघ मारून, होकायंत्राची दिशा न बदलता गेलो तर हेच अंतर सुमारे १४,२०० किमी होते. म्हणजे दीड हजार किमीहून जास्त फेरा.

ताणलेल्या दोऱ्याखाली काय काय येते तेही दाखवा : पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मॉस्कोच्या जवळपासचा प्रदेश, फिनलंडचे आखात, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, लॅब्राडोर आणि मग खाली न्यूयॉर्क. सर्वांत उत्तरेला हा मार्ग जवळजवळ ६५ अंशांपर्यंत चढतो. मुंबईहून निघताना विमानाचे नाक पश्चिमेला नसतेच, ते उत्तर-वायव्येला असते.

प्रश्न : जाताना १६ तास आणि येताना साडेचौदा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून येताना मुंबईच आपल्याकडे येते, असे आमच्या कट्ट्यावर ठरले आहे. (डोंबिवली)

कट्ट्याचे चुकले. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्यासोबत हवाही फिरते आणि हवेसोबत विमानही. पृथ्वीच्या फिरण्याचा असा थेट फायदा मिळत असता तर विषुववृत्तावर ती ताशी १,६७० किमीने फिरते हे लक्षात घेता पश्चिमेकडचा प्रवास निम्म्याहून कमी वेळात आटोपला असता!

फरक पाडतो तो वारा. नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी शंभर-दीडशे किमी सहज असतो, हिवाळ्यात दोनशेच्या वरही जातो. अमेरिकेहून येताना वैमानिक या पट्ट्यात शिरायचे पाहतात आणि जाताना त्यातून बाहेर राहायचे. म्हणून एकाच जोडीचा जाण्याचा आणि येण्याचा मार्ग नकाशावर वेगवेगळा दिसतो. रोजचा मार्गही त्या दिवसाच्या वाऱ्यावर ठरतो.

८-९ फेब्रुवारी २०२०च्या रात्री युरोपावर ‘कियारा’ वादळ घोंगावत असताना ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी याला साडेसहा-सात तास लागतात. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३००च्या वर गेला होता. तरी ध्वनीची भिंत त्याने ओलांडली नव्हती, कारण ती हवेच्या तुलनेत मोजतात आणि हवाच त्याच्यासोबत पळत होती.

व्यवहारातला अर्थ एवढाच : डिसेंबर-जानेवारीत अमेरिकेला जाताना पुढचे कनेक्टिंग विमान फार घट्ट वेळेत घेऊ नका.

प्रश्न : अंतर बदलत नाही, मग अमेरिकेच्या विमानांना हल्ली जास्त वेळ का लागतो? दिल्लीहून निघालेली विमाने मध्येच व्हिएन्नाला इंधनासाठी उतरल्याच्या बातम्या वाचल्या. (कोल्हापूर)

वरच्या उत्तरातला दोरा कोणत्या देशांवरून गेला ते पुन्हा वाचा. मुंबईहून वर निघालेली रेघ पाकिस्तानवरूनच अफगाणिस्तानात शिरते. त्या देशाने हवाई हद्द बंद केली की रेघ वाकवावी लागते. २०१९ मध्ये ती फेब्रुवारीअखेरपासून १६ जुलैपर्यंत बंद होती. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने ती भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंद केली आणि त्यानंतर हा आदेश महिन्या-महिन्याने वाढवत नेला. अशा वेळी मुंबईचे विमान आधी अरबी समुद्रावर निघते आणि आखाताच्या बाजूने वर चढते. दिल्लीला त्रास अधिक, कारण दिल्लीच्या विमानाला आधी खाली दक्षिणेकडे यावे लागते आणि मग पश्चिमेला वळावे लागते.

दुसरी कडी रशियाची. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाने युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना हद्द बंद केली, भारतीय आणि आखाती कंपन्यांना नाही. त्यामुळे एकाच शहर-जोडीला दोन कंपन्यांचे वेळ वेगळे दिसू शकतात.

‘मग जास्त इंधन भरा की’ असे वाटेल. पण इंधनालाही वजन आहे. लांबच्या उड्डाणात नेलेल्या जादा वजनामागे दर तासाला त्याच्या ३ ते ४ टक्के इंधन ते वाहण्यातच जळते. दहा टन जादा भरले तर सोळा तासांत त्यातले चारएक टन असेच संपतात. उड्डाणाच्या वजनाची मर्यादा गाठली की मग एकतर प्रवासी किंवा माल कमी करायचा, नाहीतर वाटेत उतरायचे. व्हिएन्ना, कोपनहेगन येथे थांबे झाले ते यामुळे. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांनाही मर्यादा असते, म्हणून अशा थांब्यावर कधी वैमानिक-कर्मचारीही बदलतात. प्रवासी सहसा जागेवरच बसून राहतात आणि दीड-दोन तास वाढतात.

प्रश्न : थेट विमान महाग आहे. लंडनमार्गे किंवा दुबईमार्गे गेलो तर अंतर किती वाढते? (ठाणे)

अंतर नगण्य वाढते, वेळ वाढतो. मुंबई–लंडन ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५५० मिळून १२,७५० किमी. म्हणजे थेट अंतरापेक्षा फक्त दोनशे किमी जास्त. मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०२० मिळून १२,९५० किमी. चारशे जास्त. दोन्ही मार्गांनी उड्डाणांचे तास मिळून साधारण सतरा ते अठरा भरतात. मध्ये तीन तासांचा थांबा धरला की वीस-एकवीस. थेट विमानापेक्षा चार-पाच तास अधिक. तेवढ्याने तिकीट बरेच स्वस्त पडत असेल तर तरुण माणसाने जरूर घ्यावे. सत्तरीच्या आईवडिलांना मात्र आम्ही थेटच सुचवू, निदान पहिल्या खेपेला.

थांबा घ्यायचा असेल तर दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या. मग पहिले विमान उशिरा पोहोचले तर पुढची सोय कंपनी करते आणि सामानही थेट पुढे जाते. दोन वेगळी स्वस्त तिकिटे जोडली की दोन्ही जबाबदाऱ्या तुमच्या. दीड तासाचा थांबा तिकिटात दिसला तरी घेऊ नका, अडीच-तीन तासांचा बघा.

लंडनला नुसते विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टधारकाला ट्रान्झिट व्हिसा लागतो. वैध अमेरिकी व्हिसा असेल तर सहसा सूट मिळते, पण नियम तिकीट काढण्यापूर्वी तपासा. आणि न्यूयॉर्कहून पुढे अमेरिकेतच दुसऱ्या शहरी जायचे असेल तर पहिल्या अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन, मग बॅगा पट्ट्यावरून उचलणे आणि पुन्हा जमा करणे आले. तिथे तीन तास हवेतच. अबुधाबीमार्गे गेल्यास अमेरिकेचे इमिग्रेशन अबुधाबीतच होते, ही त्या मार्गाची खरी सोय.

प्रश्न : न्यूयॉर्कशी घड्याळाचा फरक साडेनऊ तास की साडेदहा? (अकोला)

मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ, एरवी साडेदहा. लंडन आपली घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे करते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे, म्हणून अधल्यामधल्या दिवसांत लंडनमार्गे जाणाऱ्यांनी गणित दोनदा तपासावे.

प्रश्न : डिसेंबरात रात्री दीडच्या विमानाने गेलो. सोळा तास खिडकीबाहेर काळोखच होता. जावई म्हणतात, जूनमध्ये त्याच विमानातून त्यांना जवळजवळ सगळा वेळ उजेड दिसला. दोघेही खरे कसे? (मडगाव)

दोघेही खरे. मुंबईच्या अक्षांशावर पृथ्वी ताशी सुमारे १,५८० किमीने फिरते, ६० अंश उत्तरेला फक्त ८३५ किमीने. विमान ताशी ९००च्या आसपास. म्हणजे तेवढ्या उत्तरेला पश्चिमेकडे जाताना विमान सूर्याच्या बरोबरीने पळते आणि बाहेरची वेळ थबकल्यासारखी होते.

तुमचे विमान निघून पाच तास झाले तेव्हा मुंबईत सकाळचे साडेसहा, पण विमान कझाकस्तानच्या पश्चिम टोकाला, जिथे सूर्याच्या हिशेबाने पहाटेचे चार-सव्वाचार. दहा तासांनी नॉर्वेवर सहा-सव्वासहा. तेरा तासांनी ग्रीनलंडच्या टोकाशी पुन्हा सहाच! डिसेंबरात तिथे त्या वेळी सूर्य उगवलेला नसतो, आणि न्यूयॉर्कलाही तो सव्वासातच्या सुमारास उगवतो. त्यामुळे रात्र सरलीच नाही. जूनमध्ये याच ठिकाणी याच वेळी सूर्य कधीच वर आलेला असतो. जावयांना चार-पाच तासांनी उजाडले असेल आणि पुढे दहा-अकरा तास नुसती सकाळच. मार्ग दक्षिणेकडून वळवलेला असेल तर हे थोडे बदलते.

प्रश्न : आईला सकाळी ८ आणि रात्री ८ अशी रक्तदाबाची गोळी आहे. विमानात कोणत्या घड्याळाने द्यायची? (सातारा)

एका मनगटी घड्याळावर भारतीय वेळ तशीच ठेवा आणि पोहोचेपर्यंत त्याच घड्याळाने चाला. दीडच्या विमानात सकाळी ८ची गोळी निघाल्यापासून साडेसहा तासांनी येईल. रात्री ८ची गोळी हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या सकाळी साडेनऊला, म्हणजे उतरून बाहेर पडल्यावर. तिथून पुढे तिथल्या वेळेवर कसे सरकायचे ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून न्या.

इन्सुलिन असेल तर हा हिशेब घरी करू नका. जाताना तुमचा ‘दिवस’ साडेचौतीस तासांचा होतो आणि येताना साडेतेरा तासांचा. मात्रा किती आणि केव्हा हे डॉक्टरांनीच ठरवायचे. औषधे आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह ठेवा. मोठ्या बॅगेत दिलेली औषधे बॅग चुकली की गेली.

प्रश्न : मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला आहे. तिकडचे विमान म्हणे उत्तर ध्रुवावरून जाते. कशासाठी? (नागपूर)

कारण सॅन फ्रान्सिस्को जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला आहे. मुंबईशी त्याचा रेखांश-फरक सुमारे १६५ अंश, त्यामुळे दोरा ध्रुवाच्या कडेने जातो : अंतर १३,५०० किमी आणि सर्वांत उत्तरेचे टोक सुमारे ७७ अंश. बंगळूरहून तेच अंतर १४,००० किमी होते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने ही सेवा सुरू केली तेव्हा कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी विमान ध्रुवावरून आणले होते. तरीही जवळचा मार्ग नेहमी लवकरचा असेलच असे नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान उलट बाजूने, पॅसिफिकवरून नेले. अंतर १५,३०० किमी झाले, पण पाठीशी वारा असल्याने साडेचौदा तासांतच विमान पोहोचले.

ध्रुवाकडची खरी काळजी इंधनाच्या तापमानाची. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागते, अमेरिकेत वापरले जाणारे जेट ए उणे ४०लाच. टाकीतले तापमान त्या मर्यादेजवळ येऊ लागले तर वैमानिक खालच्या, कमी थंड हवेत उतरतात किंवा वेग थोडा वाढवतात.

प्रश्न : पुण्यात घराला कुलूप लावल्यापासून न्यू जर्सीत लेकीच्या दारात पोहोचेपर्यंत एकूण किती तास? (पुणे)

साधारण २७. हिशेब असा : १२ तारखेच्या रात्री १.३०चे विमान धरा. मुंबई विमानतळावर ११ तारखेला रात्री साडेनऊपर्यंत पोहोचायचे, म्हणून पुण्यातून संध्याकाळी पाचला निघायचे. अंतर दीडशे किमी असले तरी घाटातल्या कोंडीसाठी एवढा वेळ हवाच. चेक-इनची खिडकी उड्डाणाच्या तास-सव्वा तास आधी बंद होते आणि अमेरिकेच्या विमानाला गेटवर पुन्हा तपासणी असते. मग १६ तास उड्डाण, इमिग्रेशन आणि बॅगा मिळून दीड तास, गाडीने एक तास.

इथे लोक फसतात ते तारखेत. ‘१२ तारीख, ०१.३०’ हे वाचून १२ला संध्याकाळी घरून निघणारे दरवर्षी सापडतात. तोवर त्यांचे विमान ग्रीनलंड ओलांडून गेलेले असते. तिकीट हाती येताच कॅलेंडरवर ११ तारखेच्या चौकोनात ‘आज रात्री’ असे लिहून ठेवा. आणि विमानतळाचे संक्षिप्त नाव बघा : बीओएम म्हणजे सांताक्रूझ-अंधेरीचा जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेला नवी मुंबईचा. पुण्याहून येताना नवी मुंबईचा आधी लागतो, पण विमान तिथून नसेल तर त्या लवकर पोहोचण्याचा काही उपयोग नाही.